सैल दोरा

सत्तरी परदेशात साजरी करायची, अशी हल्ली कोरियातल्या मोक्पोत रीतच पडली आहे. गावात जेवणावळ घातली तर लोक जेवून जातात आणि वर नावं ठेवतात. पिलसुनबाईंनी व्हिएतनाममधलं दानांग निवडलं, कारण मासळीबाजारातल्या त्यांच्या सगळ्या मैत्रिणी तिथे जाऊन आल्या होत्या आणि आल्यापासून दुसरं काही बोलत नव्हत्या.

मुलाला, जेउकला, ऐन वेळी रजा मिळाली नाही. मग सासू आणि सून अशा दोघीच निघाल्या. बाजारात याची पुष्कळ चर्चा झाली. कोण कोणाला तिकडे सोडून येते यावर पैज लागायची तेवढी बाकी होती.

पिलसुनबाईंच्या बॅगेत काय नव्हतं? मिरचीच्या लाल वाटणाच्या नळ्या होत्या, आंबवलेल्या कोबीच्या किमचीचे घट्ट झाकणाचे डबे होते, वाळवलेलं शेवाळ होतं, सुईदोऱ्याची डबी होती. नव्हत्या त्या फक्त रक्तदाबाच्या गोळ्या. त्या घरी फ्रीजवर राहिल्या. विमानात बसल्यावर सुनेने, मीरानने, विचारलं तेव्हा हे उघडकीला आलं. मीरानने डोक्याला हात लावला. फिरायला निघालेलं माणूस आजारी पडत नसतं, असं सांगून पिलसुनबाई खिडकीतून ढग बघायला लागल्या.

मीरान तशी गरीब स्वभावाची, पण तिच्यात एक मोठी खोट होती. तिला खोटं बोलता येत नसे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी केलेल्या माशाच्या कालवणाला ती "छान झालंय" म्हणाली आणि तिचे कान लालबुंद झाले. तेव्हापासून त्या घरात कालवण कसं झालंय हे मीरानला कोणी विचारत नसे. नुसतं तिच्या कानांकडे बघत. पिलसुनबाईंनी ते कालवण सुनेला अजून माफ केलं नव्हतं.

दानांगला पहिले दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी समुद्रकाठी भाजलेले शिंपले खाऊन दोघी खोलीवर आल्या, आणि पिलसुनबाई पलंगाच्या कडेला बसल्या त्या उठेचनात.

"अन्न अडकलंय," त्या म्हणाल्या. "सुई काढ."

अन्न अडकलं की अंगठा टोचायचा, हे मोक्पोत आईच्या दुधाबरोबर मिळतं. खांद्यापासून हात चोळत चोळत रक्त खाली आणायचं, अंगठ्याला दोरा आवळायचा, सुई केसांतून फिरवून नखाच्या मुळाशी टोचायची. काळं रक्त आलं की अडकलेलं सुटलं. मीरानचाही यावर विश्वास होता. तिचं पोट बिघडलं तेव्हा पिलसुनबाईंनीच तिचा अंगठा टोचला होता, आणि ढेकर येऊन तिला मोकळं वाटलं होतं.

पण आज सासूबाईंच्या कपाळावर गार घाम होता. दुखणं डाव्या खांद्यात चढलंय, जबड्यापर्यंत आलंय, असं त्या कुरकुरत होत्या. मीरानचे वडील असेच गेले होते. तेव्हाही सगळे म्हणाले होते की अन्न अडकलंय. दहाही बोटं टोचली, प्रत्येक बोटातून काळं रक्त आलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. वडिलांना मात्र वाटलं नाही. दोरा करकचून आवळला की कोणाचंही रक्त काळंच दिसतं, हे तिला फार उशिरा कळलं.

हॉस्पिटलात जाऊ म्हटल्यावर पिलसुनबाई उखडल्या. परमुलखात, ना भाषा ना ओळख, हॉस्पिटलात? सत्तरीला दानांगला गेले आणि दवाखाना बघून आले, असं बाजारात सांगू? मीरानने जेउकला फोन लावला, तर तो म्हणाला, आईला हे नेहमीचंच आहे, ती सांगते तसं कर. एरवी मीरानने ऐकलं असतं. सासूबाई अंगाने दणकट, त्यांना उचलून नेणं तिच्या बापजन्मात जमलं नसतं, आणि मनाविरुद्ध हलवणं तर कोणालाच जमलं नसतं.

तिने मोबाइलवरून खाली हॉटेलच्या काउंटरवर निरोप धाडला की गाडी दाराशी लावून ठेवा. मग सुईदोऱ्याची डबी उघडली.

तिने हात चोळला, पण वरवर. अंगठ्याला दोरा गुंडाळला, गाठ मारली, आणि गाठीखाली आपलं बोट हळूच घालून दोरा सैल केला. सुई केसांतून फिरवली. टोचली. थेंब वर आला, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल.

"आई, बघा. रक्त लाल आहे," मीरान म्हणाली. "हे अन्न अडकलेलं नाही. हे दुसरं काहीतरी आहे."

पिलसुनबाईंनी अंगठ्याकडे पाहिलं. मग सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ.

"चपला दे," त्या म्हणाल्या.

हॉस्पिटलात कोरियन बोलणारी एक दुभाषी मुलगी होती. तिने दोन प्रश्न विचारले आणि धावत सुटली. पिलसुनबाईंना आत नेलं, दार लागलं आणि मीरान बाहेर खुर्चीवर बसली. नुसता गॅस निघाला तर हा किस्सा सासूबाई मरेपर्यंत सांगतील, बाजारभर सांगतील. देवा, नुसता गॅसच निघू दे, ती मनात म्हणत होती. मी जन्मभर ऐकून घेईन.

गॅस नव्हता. दुभाषी मुलगी डॉक्टरांना घेऊन बाहेर आली आणि तिने सावकाश समजावून सांगितलं. हृदयाची एक रक्तवाहिनी बंद झाली होती, ती उघडली आहे, आत बारीक जाळी बसवली आहे. वेळेवर आणलंत. आता काळजी नाही. मीरानने डॉक्टरांना वाकून नमस्कार केला, पुन्हा केला, आणि तिसऱ्यांदा वाकली ती तिथेच खाली बसून रडायला लागली. छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून नेल्यासारखं तिला वाटत होतं. जेउकला फोन केला तर तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. त्यालाही तिनेच समजावलं.

दुसऱ्या दिवशी पिलसुनबाई उशीला टेकून बसल्या होत्या. समोर भाताची पांढरी पेज आली. ती बघून त्यांनी नाक मुरडलं आणि मीरानला बॅगेतून मिरचीची नळी काढायला लावली. दुभाषी मुलीने मीठ बंद म्हणून बजावलं होतं. सौदा होऊन शेवटी मुगाच्या दाण्याएवढं वाटण पेजेत पडलं.

"बाजारात यातलं काही सांगायचं नाही," पेज ढवळत त्या म्हणाल्या.

"नाही सांगणार."

"आणि घरी गेल्यावर त्या गोळ्या माझ्या पर्समध्ये ठेव. रोज विचार. मी चिडले तरी विचार."

मीरान हो म्हणाली.

"दोरा सैल होता," पिलसुनबाई म्हणाल्या.

मीरान खाली बघायला लागली.

"अख्ख्या गल्लीचे अंगठे बांधलेत मी. दोरा आवळलाय की नाही, ते मला कळत नाही होय?"

"मग आलात कशा?" मीरानने कसंबसं विचारलं.

"कान बघितले तुझे. पार पेटले होते." पिलसुनबाई पेज ढवळत राहिल्या. "एवढ्या वर्षांत एका कालवणाचं खोटं तुला धड बोलता आलं नाही. ती तू माझ्यापुढे बसून खोटं बोलतेस. म्हटलं, पोरगी एवढी घाबरली आहे, म्हणजे आपलं काही खरं नाही. निघावं."

पिलसुनबाईंनी चमचा भरला, आणि स्वतःच्या तोंडाशी न नेता तिच्यापुढे धरला.

"कालपासून पोटात काही नाही तुझ्या. खा. कशी झालीय?"

"छान झालीय," मीरान म्हणाली.

पिलसुनबाईंनी मान वाकडी करून आधी तिचा एक कान नीट बघितला, मग दुसरा, आणि समाधानाने पुढचा चमचा भरला.