पायपेटीपाशी ताट

"काही बोलाचं नाई, भांडाचं नाई," मनोहरराव म्हणाले, "उद्या फक्त ताट घेऊन त्याच्याजवळ जाचंच नाई. कोणाले समजणार बी नाई."

ख्रिस्ती देवळामागच्या खोलीत पंखा नुसताच कुरकुरत होता. त्र्याहत्तर सालचा मे महिना, त्यातून नागपूर. चंद्रभान पाळकांनी कपाळ पुसलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. मंडळी बाकाबाकांनी पुढे येई, गुडघे टेकून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेई. तेवढा वेळ मधुकर पायपेटी वाजवत राही. पेटी सोडून त्याला उठता येत नसे, म्हणून शेवटी पाळक स्वतः ताट घेऊन त्याच्यापाशी जात. मनोहररावांना नको होतं ते एवढंच.

मधुकर कन्हानच्या शाळेत मास्तर होता. विहिरींचे पंप दुरुस्त करणाऱ्या देवरावबरोबर तो कित्येक वर्षं एका घरात राहत होता. देवराव बौद्ध, रविवारी मोटरसायकलवरून मधुकरला सोडी आणि उपासना संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राही. कोणी काही विचारलं नव्हतं. पण मनोहरराव पडले कमिटीचे मुख्य आणि हौशी माणूस. आपल्या भाचीचं स्थळ घेऊन ते कन्हानला गेले. मधुकरला थाप मारणं कधी जमलंच नव्हतं. "माझा संसार झाला आहे, मनोहरराव," तो म्हणाला, "देवरावसंगं." मनोहरराव चहा अर्धा टाकून परतले होते.

"एकच बाज आहे त्यायच्या घरी, चंद्रभान! म्या डोळ्यानं पाह्यली. अन् शास्त्रात चक्क लिहिलं आहे. सदोम नगर देवानं काहून जाळलं, सांग मले. पुरुष पुरुषासंगं निजत, म्हणूनच ना?"

बोर्डिंगात दोघं एका ताटात जेवलेले. जगात पाळकांना 'अरे चंद्रभान' म्हणणारा हा एकच माणूस उरला होता. त्याला नाही म्हणणं पाळकांना आजवर साधलं नव्हतं.

"पाहतो," ते म्हणाले.

पण चारचौघांत त्या पोराला वगळायचं, हेही त्यांच्या पचनी पडेना. त्यापेक्षा आधीच जाऊन सांगावं, 'उद्या येऊ नकोस, तब्येतीचं निमित्त कर,' असा मधला मार्ग त्यांनी काढला. मधले मार्ग काढण्यात पाळकांचा हातखंडा होता. त्यांच्या पत्नी चारुलताबाई घराच्या दारात आडव्या आल्या. "अहो, एवढ्या उन्हात कुठी निंगाले? टोपी तरी घाला!" तोवर पाळक गेलेसुद्धा.

कन्हानच्या स्टँडवर ते बसमधून उतरले तेव्हा रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. झळांनी तोंड भाजत होतं. मधुकरचं घर दिसलं, दाराची कडी हाताला लागली, आणि पुढचं त्यांना काही कळलं नाही.

जाग आली तेव्हा देवराव त्यांच्या तळपायांना कांदा चोळत होता. डोक्यावर ओला टॉवेल होता आणि मधुकर पुठ्ठ्यानं वारा घालत होता.

"हलू नका, पाळकसाहेब. लू लागली तुमाले," देवराव म्हणाला. "मधू, पन्हं आण. मीठ जास्ती टाकजो."

पाळकांनी पन्हं घेतलं. आपण कुठं निजलो आहोत, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं. जिच्यावरून एवढं रामायण झालं तीच ही बाज. साधी सुतळीची, एका पायाखाली वीट लावलेली. बाकी घरात पुस्तकं, पंपाचे सुटे भाग आणि खुंटीला एकाशेजारी एक दोन सदरे. चारुलतेचं लुगडं आणि आपला कोट असेच टांगलेले असतात, असं त्यांच्या मनात आलं आणि ते ओशाळले.

ऊन उतरल्यावर पाळकांना घरी सोडायचं म्हणून देवराव मोटरसायकल काढायला बाहेर गेला. मधुकर पुठ्ठा हातात घेऊन तसाच बसला होता.

"पाळकसाहेब, तुमी काहून आलते, मले समजते."

पाळक बाजेवर उठून बसले.

"मी येतो उद्या. पेटी वाजवतो. दुसरं कोणी वाजवणारं नाई. तुमी ताट आणू नका, झालं. मले राग नाई येणार."

त्याचा आवाज अगदी सरळ होता. पाळकांना वाटलं, यानं रागावायला हवं होतं. निदान आपल्याला तोंड वर करून बसता आलं असतं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी चारुलताबाईंना सगळं सांगितलं.

"चारू, सदोमात काय झालं? दाराशी परके आले अन् गाव त्यायच्या अंगावर धावून गेलं. जबरदस्ती कराले. आज मीच परका, दाराशी पडलो होतो. अन् त्यायनं माझे पाय चोळले. मी कोणत्या तोंडानं त्या घराले सदोम म्हणू?"

"अन् प्रेषित पौलानं पत्रात असल्या संगाले पाप म्हटलं, ते?" चारुलताबाई सोडणाऱ्यातल्या नव्हत्या.

"ते नाई सुटत मले. खोटं काहून बोलू? पण प्रभूनं शेवटच्या पंगतीत, धरून देणाऱ्या यहूदालेबी भाकर देल्ली. मी कोण अडवणारा?"

"चांगलं आहे. पण मधुकरले यहूदा नका म्हणू उद्या," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या भातावर आणखी वरण वाढलं.

रविवारी पाळक सदोमावर बोलले. त्या नगराच्या पापांचा पाढा यहेज्केल संदेष्ट्यानं वाचला, त्यात गर्व आहे, भरलेलं पोट आहे, गरिबाचा हात न धरणं आहे. आपण मात्र आपल्याला सोयीचं तेवढंच पाठ केलं, असं ते म्हणाले. पौलाचे शब्द कठीण आहेत आणि मला ते पुरते उलगडलेले नाहीत, हेही त्यांनी सांगून टाकलं. पहिल्या बाकावर मनोहरराव मान खाली घालून बसले होते.

मग मंडळी प्रभुभोजनाला पुढे आली, गेली. मनोहरराव जागचे उठले नाहीत. पाळकांना ते दिसत होतं आणि फार दुखत होतं. ताट हातात घेऊन ते पायपेटीकडे वळले.

मधुकरनं मान हलवली, नको म्हणून. पाळक तिथंच उभे राहिले. शेवटी भाता मारणारे त्याचे पाय थांबले, सूर विरला आणि सगळ्या देवळाला कळलं, ताट कुठं पोचलं ते. मधुकरनं भाकर घेतली. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

बाजूच्या दाराचा अडसर निघाल्याचा आवाज आला. मनोहरराव बाहेर पडले. त्यांच्यामागून पुष्कळजण उठले.

उपासना संपली की मोठ्या दारात उभं राहून पाळकांनी प्रत्येकाशी हात मिळवायचा, असा तिथला रिवाज होता. पाळक जाऊन उभे राहिले. काही म्हाताऱ्या आल्या, एकदोन जोडपी आली, नजर चुकवून का होईना, हात देऊन गेली. मग दार रिकामं झालं.

चारुलताबाई आजवर कधी या रांगेत उभ्या राहिल्या नव्हत्या. चूल पेटवायला म्हणून त्या मागच्या दारानं घरी पळत. आज त्या मधल्या वाटेनं सावकाश चालत आल्या. पदर नीट केला आणि हात पुढे केला.

"जय ख्रिस्त, पाळकसाहेब," त्या म्हणाल्या. "उपदेश थोडा लांबला आज."

"जय ख्रिस्त, बाई," पाळक म्हणाले.

मागं रांगेत कोणीच नव्हतं, म्हणून त्यांनी तो हात लगेच सोडला नाही.