खारं पाणी

अकिला लग्न होऊन आचऱ्याच्या खाडीकाठी आली, त्याच वर्षी शेजारच्या जानकीचं परसू करपलं. माठ उगवेना, मिरचीची रोपं माना टाकू लागली. जानकीने शेणखत दुप्पट घातलं, देवाला गाऱ्हाणं घातलं, पण काही फरक पडेना.

अकिलाची सासू जन्नतबी बांगडे खारवून बाजारात पाठवायची. खारवणाच्या टाकीतलं पाणी रोज संध्याकाळी मागच्या दगडी गडग्यापाशी ओतायचं काम अकिलाकडे होतं. एका सकाळी तिला गडग्यापलीकडे, जानकीच्या उतारावर, मातीवर पांढरा थर दिसला. भीतभीतच तिने सासूला सांगितलं.

जन्नतबी गडग्यावरून वाकली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. तिचा मुलगा, अकिलाचा नवरा इक्बाल म्हणाला की कुणाला काही कळलेलं नाही, उद्यापासून पाणी दुसरीकडे ओतू म्हणजे झालं. जन्नतबीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तशीच जानकीच्या दारापुढच्या खळ्यात जाऊन उभी राहिली.

"जानके, तुझी जमीन वायट नाय. माझ्या खाऱ्या पाण्यान मारल्यान तिका."

जानकी आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. पुढे कित्येक दिवस ती या घराकडे बघतही नव्हती.

जन्नतबीने मात्र टाकी फोडून काढली आणि खाडीच्या काठाला, भरतीचं पाणी चढतं तिथे नवी बांधली. खारवणाचं पाणी आता भरतीबरोबर जाई. मासळीच्या पाट्या डोक्यावरून तिथवर न्याव्या लागत, अकिलाची मान अवघडे. पण पुढे सासू चालत असताना तक्रार कशी करणार?

पावसाळ्यात जन्नतबी कुदळ घेऊन जानकीच्या परसात उतरली. वाफ्यांना बांध घालायचा, पावसाचं पाणी साठू द्यायचं, मीठ विरघळलं की चर उघडून खाडीत सोडायचं. पहिले दोन दिवस जानकी पडवीतून नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी तीही कुदळ घेऊन आली. मग चार महिने दोघी आणि अकिला चिखलात राबल्या. पाऊस सरल्यावर त्यांनी पालापाचोळा आणि शेण मातीत मिसळलं.

पहिल्या वर्षी थोडंच उगवलं. दुसऱ्या वर्षी वरच्या वाफ्यात तांबडा माठ दाट आला. खालचा कोपरा अजून उजाडच होता. जानकीने माठाची पहिली जुडी आणून जन्नतबीच्या हातात दिली.

"खालच्या कोपऱ्याक अजून एक पावस लागतलो," जानकी म्हणाली.

"लागांदे," जन्नतबी म्हणाली. "मी आसंय."

अकिलाने जुडी घेतली आणि चुलीकडे गेली. आपल्यालाही असं वागता यावं, एवढंच तिला वाटत होतं.