पिळाचं घराणं

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या धुलाईघरात सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे पीळमावशी म्हणत. हे नाव पडायला कारणं दोन. यंत्र बंद पडलं की जाड ओल्या चादरी हातानं पिळाव्या लागत, आणि मावशींनी एका टोकाला पीळ दिला की दुसऱ्या टोकाला धरणारी बाई चादरीसकट स्वतःच फिरायची. दुसरं कारण स्वभाव. मावशी एकदा नाही म्हणाल्या की मेट्रननी समजावलं तरी त्याचं हो होत नसे.

धुलाईघराचे प्रमुख निवृत्त झाले तेव्हा ती जागा मावशींनाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण जागेला एक अट होती. साबणाच्या पिंपांवरच्या सूचना, यंत्रांची माहितीपत्रकं, वॉर्डांतून येणाऱ्या चिठ्ठ्या, सगळं इंग्रजीत. म्हणून प्रमुखाला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे. आधी लेखी, मग तोंडी. तोंडी परीक्षेत आपल्याला आवडेल त्या विषयावर दहा मिनिटं बोलायचं. मावशी सातवी शिकलेल्या. कामापुरतं इंग्रजी कानावरून येत होतं, वाचताना बोट फिरवावं लागे, आणि स्पेलिंगच्या नावानं आनंद होता.

त्यांनी अर्ज केला, आणि सराव म्हणून धुलाईघरातल्या पाट्या स्वतः लिहायला घेतल्या. लोकरी ब्लँकेटं पिळली की त्यांचा आकार बिघडतो. तेव्हा ब्लँकेटांच्या फळीवर ‘पिळू नका’ अशी पाटी हवी होती. पिळण्याला इंग्रजीत रिंग म्हणतात, हे त्यांना माहीत होतं. कानाला आलं तसं त्यांनी लिहिलं: आर, आय, एन, जी.

दुपारी हॉस्पिटलचा फार्मासिस्ट टॉवेल न्यायला आला. त्यानं पाटी दोनदा वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “ब्लँकेटला फोन करू नका, असं मावशी म्हणतायत. आजारी आहे बहुतेक.” दुसऱ्या दिवशी फळीवर कोणीतरी पुठ्ठ्याचा टेलिफोन करून ठेवला होता. बायका हसल्या, मावशीही हसल्या. घरी गेल्यावर मात्र त्या ताटावर बसल्या आणि तशाच उठल्या.

त्यांची सून शाळेत इंग्रजी शिकवायची. संध्याकाळी ती मावशींची शिकवणी घेई, आणि त्या वेळात घरातला मुलगा बायको आणि आई यांच्यामधून पाय न वाजवता जाई. सुनेनं पाटीची चूक समजावली. पिळण्याच्या रिंगमध्ये आरच्या आधी डब्ल्यू असतो, फक्त तो उच्चारायचा नसतो. तो नसला की मग घंटी, फोन, अंगठी.

“बोलायचाच नाही तर आणून बसवलाय कशाला?” मावशींनी विचारलं.

तसंच आहे, पाठ करून टाका, असं सून म्हणाली. आपण तरी दुसरं काय केलं होतं?

मावशींच्या डोक्यात न समजलेलं काही टिकत नसे. पण एक गोष्ट त्यांनी नेमकी विचारली: असे आणखी शब्द आहेत का? सुनेकडे जाडजूड कोश होता. त्यात प्रत्येक शब्दाच्या खाली बारीक अक्षरात तो कुठून आला हेही दिलेलं. रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता. मावशी घड्या घालत होत्या, आणि सून डब्ल्यू आणि आरनं सुरू होणारे शब्द एकेक वाचून अर्थ सांगत होती.

रिस्ट म्हणजे मनगट. रिंकल म्हणजे सुरकुती, चुणी. रेंच म्हणजे फिटरचा पाना, आणि पाय मुरगळला तरी तोच शब्द. रेसल म्हणजे कुस्ती खेळणं. रीथ म्हणजे फुलापानांचं गुंफलेलं कडं. राय म्हणजे वेडंवाकडं, तोंड करतो तसं.

मावशींचे हात थांबले. त्यांनी ढिगातला एक पंचा उचलला, दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू पिळू लागल्या. पंच्यावर चुण्या पडल्या. त्या आपल्या मनगटांकडे पाहत राहिल्या.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “मनगट फिरतं म्हणून पंचा पिळला जातो. पिळला म्हणून सुरकुततो. पाना फिरवतात, कुस्तीत हात पिरगळतात, कडं पीळ देऊन गुंफतात. अगं, हे सगळे एकाच घरचे.”

सुनेनं कोश जवळ ओढला आणि बारीक अक्षरं वाचायला लागली. मनगटाच्या खाली लिहिलं होतं: वळणे. पान्याच्या खाली: पिळणे. सुरकुतीच्या खाली: वळणावळणाचं. ती पान उलटत गेली. मग चुकीला जो शब्द आहे, राँग, त्यापाशी थांबली. त्याचा मूळ अर्थ होता वाकडं.

“आपणही तेच म्हणतो की,” मावशी म्हणाल्या. “वाकडं पाऊल पडलं म्हणतो. तो माझ्याशी वाकड्यात शिरला म्हणतो.”

अठरा वर्षं सून वर्गात हे शब्द फळ्यावर लिहीत होती, आणि प्रत्येक वर्षी मुलांना पाठ करा म्हणत होती. तिनं कोशाच्या सुरुवातीची माहिती काढली. फार पूर्वी तो डब्ल्यू लोक खरोखर उच्चारत. ओठांचा चंबू करून आधी तो, मग आर. मावशींनी तसं करून पाहिलं. तोंड वाकडं झालं, आणि दोघी पोट धरून हसल्या. पुढे जिभांना तो जड झाला म्हणून बोलण्यातून गेला, लिहिण्यात मात्र राहिला.

त्या दिवसापासून मावशींचं त्या शब्दांचं स्पेलिंग एकदाही चुकलं नाही. आपण कशावर बोलणार, हेही त्यांनी तिथेच ठरवलं. सुनेनं धुलाईघराच्या स्वच्छतेवर सोपं भाषण लिहून दिलं होतं. मावशींनी ते वाचलं, छान आहे म्हणाल्या आणि घडी करून परत दिलं.

लेखी परीक्षा त्या जेमतेम पास झाल्या. तोंडी परीक्षेला तीन जण होते: मेट्रन, हॉस्पिटलचा इंजिनिअर आणि बाहेरून आलेल्या भाषेच्या प्राध्यापिका. प्राध्यापिकांचा चष्मा नाकाच्या टोकावर होता आणि सकाळपासून सहा जणांची स्वच्छतेवरची भाषणं ऐकून त्या कंटाळल्या होत्या. मावशी आत आल्या त्या हातात बादली घेऊन. बादलीत ओला टॉवेल होता.

त्यांचं इंग्रजी तोकडं होतं. क्रियापदं घसरत होती. पण टॉवेल पिळून त्यांनी पहिला शब्द सांगितला, मग मनगट दाखवून दुसरा, टॉवेलवरच्या चुण्या दाखवून तिसरा. इंजिनिअरच्या वरच्या खिशात छोटा पाना होता. मावशींनी तो मागून घेतला, हवेत फिरवला आणि चौथा शब्द सांगितला. इंजिनिअर खुर्चीत पुढे सरकला. राँग म्हणजे मुळात वाकडं, हे ऐकल्यावर प्राध्यापिकांनी चष्मा नीट वर चढवला.

त्यांनी पेच टाकला. लिहिण्याचा शब्द राइट, त्यातही डब्ल्यू आणि आर आहेत. मग लिहिण्यात कसला पीळ?

मावशी आपल्या तोकड्या इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, “तो त्यांच्यातला नाही, मॅडम. मी शोधला. फार वाटत होतं की असावा. पण तो ओरखडण्यावरून आला, पूर्वी लाकडावर, दगडावर कोरत म्हणून. आणखीही आहेत असे. रेन नावाचा एवढासा पक्षी आहे, तो कुठून आला कोणालाच ठाऊक नाही. ते त्या घरात भाड्यानं राहतात. नातेवाईक नाहीत.”

प्राध्यापिका मोठ्यानं हसल्या आणि पेन खाली ठेवून त्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअरनं वाजवल्या, मेट्रननीही. नंतर प्राध्यापिकांनी मेट्रनना सांगितलं की पाठ केलेलं इंग्रजी त्या रोज ऐकतात; विचार करून बोललेलं वर्षातून एकदा ऐकायला मिळतं. आणि आपल्या कॉलेजात येऊन हेच मुलांना सांगाल का, असं त्यांनी मावशींना विचारलं. टॉवेल तुमचा असेल तर येते, असं मावशी म्हणाल्या.

निकाल आठवड्यानं लागला. सुनेनं तो शाळेच्या स्टाफरूममध्ये फोनवर ऐकला, आणि पुढच्या तासाला फळ्यावर पिळाचे आठ शब्द लिहून मुलांना आपल्या सासूची गोष्ट सांगितली. सासू म्हणताना तिनं तोंड फळ्याकडे फिरवलं, तेव्हा मुलांनी उगीचच वह्यांत डोकी घातली.

सोमवारी मेट्रननी प्रमुखांच्या खोलीची किल्ली मावशींच्या हातात दिली. आतली खुर्ची उंच माणसासाठी केलेली होती. मावशी बसल्या तर पाय लोंबकळले. दाराशी जमलेल्या बायका बघत होत्या. मावशी उठल्या, खुर्चीखालचा दांडा ओढला आणि ती आपल्या मापाला आणली. मग पाय जमिनीला टेकवून बसल्या, आणि खणखणीत आवाजात पहिली हजेरी घ्यायला लागल्या.