झाकणं लावायचा शनिवार

तनयने शनिवारची दुपार आईसाठी मोकळी ठेवली होती. मंगळवारी आईचं, चित्रलेखाचं, परतीचं विमान होतं, आणि त्याआधी गॅरेजमध्ये मुरत असलेली घरची बिअर दोघांनी मिळून बाटल्यांत भरायची, असं ठरलं होतं.

बिअर ती पीत नसे. सांगलीच्या कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला यीस्टचं कौतुक होतं, पेल्याचं नव्हतं. पण फेब्रुवारीत ती परदेशी, मुलाकडे क्रेगीबर्नला, आल्या आल्या तनयने बाटल्या भरल्या होत्या आणि तिने कॅपर या झाकणं बसवायच्या हत्याराच्या दोन्ही दांड्या दाबून त्यांना झाकणं लावली होती. त्या तीन तासांत तो जेवढा बोलला, तेवढा नंतरच्या पाच महिन्यांत बोलला नाही. तो आणि सून लीना सकाळी सातला घर सोडत, आणि परतले की लॅपटॉप उघडून बसत. दिवसभर ती एकटीच या खोलीतून त्या खोलीत फिरे, विनाकारण चालू राहिलेले स्विच बंद करी.

आज तिने बाटल्या जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या होत्या. तनय स्वेटर चढवत आला.

"मॅडम, रीडिंग घ्या."

तिने पिंपाच्या नळातून उंच नळकांड्यात थोडी बिअर घेतली, तीत घनता मोजणारा हायड्रोमीटर सोडला, बुडबुडे सुटावेत म्हणून चिमटीत धरून फिरवला आणि डोळे रेषेच्या पातळीवर आणले. एक हजार वीस. मागच्या शनिवारीही तेवढंच होतं. एव्हाना साखर संपत जाऊन ते एक हजार दहापर्यंत उतरायला हवं होतं.

"किती?"

तिला क्षणभर वाटलं, दहा म्हणून टाकावं.

"वीस," ती म्हणाली. "साखर शिल्लक आहे अजून."

तनयने पिंपाला हात लावला. "बर्फ झालाय याचा." मग कपड्यांच्या ड्रायरमागे वाकून पाहिलं. "आई, हा स्विच."

पिंपाभोवती गुंडाळलेला गरम पट्टा त्या स्विचवर चालतो, हे तिला ठाऊक नव्हतं. ड्रायर बंद असताना मागे दोन-दोन स्विच चालू कशाला, म्हणून गेल्याच रविवारी तिने दोन्ही बंद केले होते. इथल्या जुलैच्या, म्हणजे ऐन हिवाळ्याच्या, गारठ्यात यीस्ट निपचित पडलं होतं.

"मीच केला बंद."

"वीज मंडळाने सत्कार करायला हवा तुझा." तो हसला. "जाऊ दे गं. आजच भरू. मंगळवारी चाललीस ना तू."

त्याने खरोखरच एक बाटली बाहेर काढली. ती गप्प राहिली असती, तर दुपार तिची होती. पण उन्हं तापली की गॅरेजही तापणार, निजलेलं यीस्ट उठून उरलेली साखर खाणार, आणि बंद बाटलीत वायूला जायला वाट नसणार. काच फुटेल तेव्हा बाटली कदाचित लीनाच्या हातात असेल.

"नाही भरायच्या. फुटतील."

"एवढं काही होत नाही. यतिनही घरीच बनवतो, तो तर रीडिंगसुद्धा घेत नाही."

"यतिनच्या बाटल्या यतिन बघेल. पट्टा चालू कर. आठवडा तरी लागेल."

"आठवड्याने तू सांगलीत."

"हो."

तनयने बाटली पुन्हा पाण्यात सोडली. स्विच दाबला. खिशात फोन वाजला. त्याने मेसेज वाचला.

"यतिनच. बॅडमिंटनला चौथा माणूस नाहीये म्हणतोय. जाऊ? की थांबू?"

"जा. इथे आता काम काय आहे?"

गाडीचं दार उघडून तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी भरताना व्हिडिओ कॉल लावतो. तू तिथून सांग काय काय करायचं ते."

"झाकण दाबायला दोन्ही हात लागतात. फोन कोण धरणार?"

"लीना धरेल ना."

"हो. लीना धरेल."

गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर चित्रलेखाने बाटल्या एकेक करून बाहेर काढल्या आणि उपड्या ठेवल्या. पुढच्या शनिवारपर्यंत त्या निर्जंतुक राहणार नव्हत्या. तनयला सगळ्या पुन्हा धुवाव्या लागणार होत्या. तरीही तिने प्रत्येक बाटली शेवटच्या थेंबापर्यंत निथळू दिली. दुपारचे जेमतेम अडीच वाजले होते.