तार वाकत होती

तात्यारावांनी घरी बनवलेली रिमोटवरची दोन्ही विमानं एकाच प्रकारे पडली. सूर मारला की नाक वर येईना. रिमोटची काडी आपण पूर्ण ओढली होती, असं ते सांगत. पण गेल्या वर्षीच्या आजारापासून त्यांचा उजवा हात कापत असे, त्यामुळे घरात कुणी ते मनावर घेतलं नाही. हळूहळू त्यांचा स्वतःचाही विश्वास उडाला.

"हे तिसरं कुणाला तरी देऊन टाक," शनिवारी सकाळी ते मुलीला म्हणाले. "माझ्या हातात आता काही राहिलं नाही."

दीक्षा हिंजवडीहून रात्रपाळी करून नुकतीच आली होती. तयार झालेल्या वेबसाइटवर एकदम हजारो माणसांचा भार टाकायचा आणि ती कुठे कोलमडते ते शोधायचं, हे तिचं काम. एकट्यादुकट्याला सगळं नीटच चालतं, हे तिला पाठ होतं.

"तपासलंत?"

"दहादा. बघ." त्यांनी काडी ओढली. विमानाच्या पोटातली छोटी मोटर फिरली, तिला जोडलेली लांब तार मागे सरकली आणि शेपटीची पट्टी वर उचलली गेली. "यंत्र ठीक आहे. बिघाड इकडे," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

"पण हवेत या पट्टीवर वारा दाबत असेल ना?"

"मग आता टेबलफॅन आणू?"

"नको. परत ओढा." दीक्षाने पट्टीवर बोट दाबून धरलं.

मोटर फिरली. पट्टी जेमतेम हलली. वरचं झाकण उघडंच होतं. आत तार धनुष्यासारखी वाकली होती.

दीक्षाने बोट काढलं नाही. "आधीच्या दोन्हींना हीच तार?"

"शेपूट जड होऊ नये म्हणून बारीक घेतली." त्यांनी तार चिमटीत धरून पाहिली. "फार अक्कल चालवली."

त्यांनी बॉलपेनच्या रिकाम्या रिफिली कापल्या, तुकडे विमानाच्या आतल्या आडव्या पट्ट्यांवर ठिकठिकाणी चिकटवले आणि त्यांतून तार ओवली. आता तिला बाजूला वाकायला जागा नव्हती. हात कापत असल्याने कामाला दुपार झाली.

"मी करू?"

"तू झोप. डोळे बघ आरशात."

रविवारी ती पाळी संपवून थेट धायरीपुढच्या माळावर पोचली. तात्याराव विमान घेऊन थांबले होते. तिने ते हाताने भिरकावून दिलं आणि बाभळीला टेकून बसली. तात्यारावांनी विमान उंच नेलं, एक फेरी मारली, मग सूर मारला. काडी ओढली. नाक वर आलं. त्यांनी पुन्हा सूर मारला. पुन्हा आलं. त्यांनी बाभळीकडे पाहिलं. दीक्षा तोंड उघडं टाकून झोपली होती.

उतरवल्यावर त्यांनी तिला हलवलं.

ती दचकली. "पडलं?"

"उतरवलं."

"अहो, उठवायचं ना! परत उडवा, बघते मी."

"बॅटरी संपली. हातही दुखतोय."

"दुखतोय की कापतोय?"

"दोन्ही. पुढच्या रविवारी ये. येताना झोपून ये."