खिडकीकडची बाजू

डब्याचं झाकण घर्रघर्र वाजायला लागलं. दुपारच्या शांततेत तो आवाज इतका मोठा वाटला, की मुलीच्या तोंडाशी घास नेणारा आईचा हात मध्येच थांबला. टेबल विकल्यापासून फोन ठेवायला घरात धड जागा उरली नव्हती. तो स्टीलच्या डब्यावर पडलेला असायचा आणि थरथरला की डब्यालाही हुडहुडी भरायची.

“तुझा फोन ओरडतोय,” मुलगी म्हणाली आणि हातातला घास आपणच ओढून घेतला.

संदेश केकवालीचा होता. ती घरच्या घरी केक करून विकायची आणि टेबल तिनेच फोटो बघून घेतलं होतं, न्यायला टेम्पोवाला पाठवला होता. संदेशासोबत एक व्हिडिओ होता. टेबलावर पाण्याचा पेला, आणि पाणी एका काठाला वर चढलेलं. शेजारी तीन मजली केक, त्याचा वरचा मजला खालच्या मजल्याच्या खांद्यावर मान टाकून बसलेला. खाली लिहिलं होतं, ‘हे तुमचं एकदम सरळ टेबल. गिऱ्हाइकासमोर नाक कापलं गेलं माझं.’

आईने व्हिडिओ पुन्हा पाहिला. मग आपलीच जाहिरात उघडून वाचली. ‘जेवणाचं टेबल, भक्कम, एकदम सरळ, ठेवलेली वस्तू जागची हलत नाही.’ यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मुलगी याच टेबलावर जेवायला शिकली होती, चित्रं काढायला शिकली होती. टेबल कललेलं असतं तर कळलं नसतं का?

‘आमच्याकडे कधीच कललं नाही. तुमची जमीन एकदा तपासून घ्या,’ तिने लिहिलं. बोट उचलल्याबरोबर वाटलं, हे नको होतं लिहायला.

‘माझ्या जमिनीवर जाऊ नका,’ उत्तर लगेच आलं. ‘या जमिनीवर रोज केक उभे राहतात.’

त्यानंतर तोच व्हिडिओ जुन्या वस्तूंच्या ग्रुपवर आला, खाली तिच्या जाहिरातीसकट. बघता बघता लोक जमले. कुणी हळहळलं, कुणी केकवर विनोद केला. एकाने लिहिलं, आजकाल फोटो चांगला काढला की झालं. ग्रुपच्या कारभाऱ्याने तिला उद्देशून लिहिलं, की तक्रार आजच्या आज मिटवा, नाहीतर तुमच्या बाकीच्या जाहिराती काढाव्या लागतील. बाकीच्या म्हणजे कपाट, पलंग, धुण्याचं यंत्र. कपाट बघायला येणाऱ्या गृहस्थांनी तर तेवढ्यात कळवलंही, जरा थांबतो, घरी विचारून सांगतो.

महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचं होतं. भावाकडे तिच्यासाठी आणि मुलीसाठी एक खोली होती, त्या खोलीत कपाट मावत नव्हतं, आणि ‘थोडे दिवस वेगळं राहून बघू’ म्हणत दोन बॅगा घेऊन गेलेल्या नवऱ्याने मागच्या सामानाचा विषय काढलेला नव्हता. मुलीला तिने सांगितलं होतं, बाबा कामासाठी गेलाय आणि आपण सुट्टीला मामाकडे जाणार आहोत. सुट्टीला जाताना टेबल कशाला विकायचं, हे मुलीने विचारलं नव्हतं. तिने विचारलं नाही म्हणून आईला हायसं वाटायचं, आणि त्याच गोष्टीने कधी कधी झोपही उडायची.

तिने भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, सरळ हात वर कर. वापरलेली वस्तू आहे, फोटो बघून घेतली, विषय संपला. ती हो म्हणाली आणि फोन ठेवून तशीच बसून राहिली. खिडकीपाशी फरशीवर टेबलाच्या पायांचे चार डाग होते. त्यातल्या एकावर तिने तळवा ठेवला. गेल्या काही महिन्यांत अशा किती गोष्टी वाकड्या निघाल्या होत्या, ज्या तिला चांगल्या सरळ वाटत होत्या. हीही त्यातलीच एक असेल. लक्षच नसेल आपलं.

“आई, खडू पळाला,” मुलगी म्हणाली.

टेबल गेल्यापासून ती जमिनीवर पालथी पडून चित्रं काढत होती आणि तिचे खडू हातातून सुटले की खिडकीच्या दिशेने निसटत. आईने भिंतीशी जाऊन लागलेला खडू उचलून दिला. पुन्हा पळाला. पुन्हा दिला. “नीट धर ना गं राणी,” ती म्हणाली, पण तिचं चित्त फोनमध्ये होतं.

शेवटी तिने लिहिलं, ‘टेबल घेऊन या. माझ्यासमोर कललं तर पैसे परत.’ संदेश गेला आणि तिला आठवलं, ते पैसे सामान हलवणाऱ्याला आगाऊ देऊन झाले होते.

केकवाली संध्याकाळीच आली. फोनवर ती धिप्पाड वाटायची, प्रत्यक्षात खांद्याएवढी होती आणि कोपराला मैदा लागला होता. मागून टेबल पाठीवर घेऊन तिचा दीर जिना चढत होता.

“वहिनी, पुढच्या वेळी उशी विकत घे,” तो धापा टाकत म्हणाला. “हलकी असते, आणि कलली तरी कुणी बोलत नाही.”

टेबल दारातच ठेवलं गेलं. केकवालीने इकडेतिकडे पाहिलं, जमिनीवरचा एक खडू उचलला आणि टेबलावर ठेवला. खडू जो सुटला तो थेट कड ओलांडून खाली पडला, त्याचे दोन तुकडे झाले.

“बघा. माझ्याकडे तरी निदान हळू जातो,” ती म्हणाली. “तुमच्याकडे तर धावतोच आहे. आणि म्हणे जमीन तपासा.”

आईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने टेबलाच्या कडेला दोन्ही हात लावले, जणू ते धरून सरळ होणार होतं. ती एवढंच म्हणाली, की चूक माझी असेल, महिनाअखेरपर्यंत थांबाल का, मी पैसे देते. केकवालीने तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या भिंतीकडे. तिथे तसबिरींचे खिळे होते, तसबिरी नव्हत्या. दोरीने बांधलेली खोकी होती. तिचा आवाज थोडा उतरला. तसं नाही हो, ती म्हणाली, पण माझ्याही पोटाचा प्रश्न आहे ना.

मुलगी खडूचे तुकडे गोळा करत होती. ती टेबलाखालून बाहेर आली.

“काका, तुम्ही उलटं ठेवलंय.”

“टेबलाला उलटं काय आणि सुलटं काय गं, चिमणे?” दीर हसला.

“ही माझी बाजू आहे.” तिने कडेखाली हात घालून आपण चिकटवलेला, अर्धा खरवडलेला कागदी मासा दाखवला. “माझी बाजू खिडकीकडे असते. आणि पाय तिथे.” ती पळत जाऊन चार डागांपाशी उभी राहिली.

दिराने वहिनीकडे पाहिलं, खांदे उडवले आणि टेबल उचललं. खिडकीपाशी नेऊन त्याने ते फिरवलं. मुलीने एकेक पाय डागावर आला की नाही ते वाकून पाहिलं आणि मान हलवली. मग तिने एक अख्खा खडू टेबलाच्या मधोमध ठेवला.

खडू हलला नाही.

केकवालीने तो बोटाने ढकलला. जरासा गेला आणि थांबला. तिने दुसरा ठेवला, मुलीच्या ओंजळीतले सगळे ठेवले. सगळे जिथल्या तिथे. आईने जमिनीकडे पाहिलं. दुपारी भिंतीशी जाऊन लागणारा खडू तिला आता आठवला.

दीर जमिनीवर आडवा झाला आणि टेबलाखाली शिरला. आतून त्याचा आवाज आला, “वहिनी, हे दाराकडचे दोन पाय कापलेत. बोटभर. आणि काय सफाईने कापलेत, पॉलिशपेपरसुद्धा मारलाय. या घराची जमीनच खिडकीकडे उतरते, म्हणून केलंय कुणीतरी.”

“कुणी?” केकवालीने विचारलं.

आईला तो रविवार दिसला. मुलगी तेव्हा नुकती उंच खुर्चीत बसायला लागली होती आणि तिच्या वाटीतलं सांडलेलं दूध दर वेळी खिडकीकडच्या कडेला वाहत जाऊन दोघींच्या कपड्यांवर उतरायचं. एकदा त्या दुधावरून आईच रडली होती. त्यानंतरच्या सुट्टीला नवरा टेबल बाल्कनीत घेऊन गेला आणि दिवसभर काहीतरी खरखरत बसला. वाळत घातलेल्या लंगोटांवर भुसा उडाला म्हणून ती त्याला वाट्टेल ते बोलली होती. भुसा झाडून त्याने टेबल जागेवर आणून ठेवलं. पुढे दूध वाहायचं थांबलं, आणि ती सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटली, की पोरगी नीट जेवायला शिकली.

“हिच्या बाबांनी,” ती म्हणाली.

“आणि तुम्हाला सांगितलं नाही?”

“नाही.”

केकवालीने खोक्यांकडे पुन्हा एकदा नजर टाकली. तिने फोन काढला. ग्रुपवर काय लिहिलं ते तिने वाचूनही दाखवलं: गैरसमज झाला होता, ताईंचं टेबल चांगलं आहे, माझी तक्रार नाही. कापलेल्या पायांखाली दोन लाकडी ठोकळे बसवले की आपल्याकडेही उभं राहील, असं दिराने टेबलाखालून निघताना सांगितलं होतं. मग ती टेबलापाशी येऊन उभी राहिली, पण हात लावला नाही.

“नेऊ?” तिने विचारलं. “की ठेवताय? ठेवायचं असेल तर राहू दे. पैशांचं बघू सावकाश.”

आईचा तळवा टेबलावर होता. खडूंच्या मधल्या मोकळ्या जागेत तो सरळ, सपाट टेकला होता. तिने एकेक खडू उचलून मुलीच्या ओंजळीत घातला.

“न्या,” ती म्हणाली. “मी जाते तिथे मावणार नाही.”

दिराने टेबल पाठीवर घेतलं. उतरताना तो, आता खाली न्यायचंय म्हणजे निम्मं ओझं, असं काहीसं पुटपुटत होता. जिन्यावरचा आवाज विरला तेव्हा फोनने डबा वाजवला. कपाटवाले गृहस्थ होते. उद्या येऊ का, असं विचारत होते. तिने ‘या’ लिहिलं आणि दार लावलं.

मुलगी चार डागांच्या मधोमध मांडी घालून बसली होती. तिने समोर एक खडू ठेवला, त्याच्यावरचं बोट काढलं आणि तो भिंतीला लागेपर्यंत नजरेने त्याच्यामागे गेली. मग तिने वर पाहिलं.

“आई, मामाकडची जमीन कुठल्या बाजूला उतरते?”