वाऱ्याची वाट बुजली

मी एक जुने रोशनदान आहे. छताजवळच्या भिंतीत ठेवलेले हातभर भोक, दोन लोखंडी गजांचे. माझे म्हणणे ऐकण्याजोगे आहे की नाही, कोण जाणे. पण मित्रांनो, आज बोललेच पाहिजे. खाली गजानन मिस्त्री गारा कालवतो आहे.

इंदूरच्या कापडगिरण्यांजवळच्या एका गल्लीत, अगदी पश्चिम टोकाच्या घरात, मला होळकरांच्या राज्यात बसवले. गल्लीची रीत अशी, की सकाळी प्रत्येकाने कोळशाची शेगडी दाराबाहेर पेटवायची आणि धूर सरला की आत न्यायची. तेव्हा घरे बुटकी होती. गल्लीचे पश्चिमेचे तोंड मोकळे होते. वारा तिथून शिरायचा आणि सगळ्यांचा धूर पुढे घेऊन जायचा. "हे रोशनदान म्हणजे घराचं नाक आहे," असे घरच्या आनंदीबाई म्हणायच्या. ते ऐकून मला बरे वाटे.

होळकरांचे राज्य जाऊन मध्यभारत झाला, वस्ती वाढली. दोन्ही बाजूंना मजल्यावर मजले चढले. त्यातच आनंदीबाईंच्या कुमुदिनीला दमा लागला.

"हा गिरणीचाच धूर," तिचे वडील अप्पासाहेब म्हणाले. "गिरणीकडचं, पश्चिमेचं तोंड बंद केलं की पोर सुटेल."

शेजारचे तुकोजी हसले. "अप्पासाहेब, आता गिरणीलाही पर्दा करता काय?"

"तुमची पोर असती तर तुम्हीही केला असता, भिया."

मग कोणी हसले नाही. उंच भिंत उभी राहिली.

तेव्हापासून वारा भिंतीवरून, छतांवरून निघून जातो. एखादी झुळूक खाली उतरते, पण तीही तळाशी गिरकी घेते आणि शेगड्यांचा धूर उचलून भिंतीकडे, माझ्या तोंडाशी आणते. गिरणी दूर आहे, मित्रांनो. हा धूर आपलाच आहे. माझे गज काळे पडले. कुमुदिनी आता बसूनच झोपते.

आज सकाळी आनंदीबाई म्हणाल्या, "अहो, धूर या रोशनदानातूनच येतोय. बुजवून टाका एकदाचं."

"आई, राहू दे ना," कुमुदिनी म्हणाली. "तेवढंच आभाळ दिसतं."

"बरी झालीस की गच्चीवर नेईन, बेटा," अप्पासाहेब म्हणाले. त्यांनी तिची शाल नीट केली आणि मिस्त्रीला हाक मारली.

"बस, दोन-चार ईंटांचं काम आहे, साहेब," गजानन म्हणाला.

पहिली वीट बसली. खोलीत वाफाऱ्यासाठी शेगडी पेटलेली आहे. थंडी नको म्हणून दारही लोटले आहे. मी बुजल्यावर शेगडीची विषारी हवा कुठून बाहेर जाणार, हे मी कुणाला कसे सांगू? मला तोंड आहे, आवाज नाही.

मित्रांनो, घरे हवी तेवढी उंच बांधा, पण वाऱ्याची वाट अडवू नका. आणि तुमच्यापैकी कोणी या गल्लीत येणार असेल, तर आधी ते दार उघडा. भिंतीचे मग पाहू.

दुसरी वीट आली. आत कुमुदिनी खोकते आहे, आणि आता मला ते कमी ऐकू येते.